‘हे कशाचे प्रतीक आहे?’ हा प्रश्न आता थांबवा
साहित्य आणि कला शिकवणाऱ्या, पाठ्यपुस्तके रचणाऱ्या आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्या सर्वांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

कविता शिकवून झाली, कथा वाचून झाली, एखादे चित्र दाखवून झाले की त्याखाली एक प्रश्न हमखास येतो : अमुक हे कशाचे प्रतीक आहे? उत्तर एका शब्दात, गुण एक. दिवा म्हणजे ज्ञान, पाखरू म्हणजे स्वातंत्र्य, वादळ म्हणजे संकट, कमळ म्हणजे पावित्र्य. मुले या जोड्या पाठ करतात, उत्तरसूचीतल्या शब्दाशी शब्द जुळला की गुण मिळतो आणि पान उलटले जाते. हा प्रश्न या रूपात विचारू नये, अशी विनंती करण्यासाठी मी हे पत्र लिहिते आहे.

या प्रश्नातून विद्यार्थी जे शिकतो ते फार नुकसान करणारे आहे. त्याची समजूत होते की कवीला एक साधी गोष्ट ठाऊक होती, ती त्याने मुद्दाम झाकून ठेवली आणि आपले काम झाकण उघडून ती बाहेर काढण्याचे आहे. मग तो मनातल्या मनात विचारतो, एवढेच सांगायचे होते तर सरळ का नाही सांगितले? हा प्रश्न अगदी रास्त आहे. साहित्याच्या अभ्यासातला तो सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे असे मला वाटते. पण ज्या पद्धतीने आपण शिकवतो, त्या पद्धतीकडे त्याचे उत्तर नाही. ‘दिवा म्हणजे ज्ञान’ हे खरोखरच पुरेसे असेल, तर दिव्याची गरज नाही.

आपल्या सर्वांच्या ओळखीचा अभंग घेते. ज्ञानेश्वरांच्या नावाने तो परंपरेने गायला जातो.

मोगरा फुलला मोगरा फुलला ।
फुलें वेंचितां बहरु कळियांसी आला ॥
इवलेंसें रोप लावियेलें द्वारीं ।
त्याचा वेलु गेला गगनावेरी ॥

इथे ‘मोगरा’ कशाचे प्रतीक? अशा वेळी ‘आत्मज्ञानाचे’ हे उत्तर ठरलेले असते. ते चूक आहे असे मी म्हणत नाही. पण ते लिहून झाल्यावर हातात काय उरते ते पाहा.

पहिल्या ओळीत एक साधी बातमी आहे, आणि ती दोनदा सांगितली आहे. एखादी गोष्ट डोळ्यांसमोर घडूनही जिच्यावर विश्वास बसत नाही ती आपण दोनदा सांगतो. दुसऱ्या ओळीत फुले वेचणे चालू आहे आणि वेचता वेचताच कळ्यांना बहर येतो आहे. वेचले की झाड रिकामे व्हायला हवे, इथे उलट घडते आहे. तरीही इथपर्यंत आपण एका दाराशी, एका खऱ्या झाडापाशी उभे आहोत. मग रोप येते. तेही ‘इवलेंसें’, आणि तेही आपल्याच दारी, आपणच लावलेले. आणि त्याचा वेल गगनापर्यंत जातो. ही ती जागा आहे जिथे अभंग आपला हात धरून आपल्याला बागेबाहेर नेतो. मोगऱ्याचा वेल आकाशाला पोहोचत नाही, हे सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही पक्के ठाऊक आहे. पुढच्या ओळीत ‘मनाचिये गुंतीं गुंफियेला शेला’ असे येते आणि फुले कुठे गुंफली गेली याचा पत्ता लागतो. शेवटी तो शेला विठ्ठलाला अर्पण होतो.

आता ‘आत्मज्ञान’ हा शब्द घ्या आणि त्याला विचारा : वेचल्याने तू वाढतोस का? तू आधी इवलासा होतास का? तू दाराशीच होतास का, की दूर कुठे शोधावे लागले? या शब्दापाशी यांपैकी कशाचेही उत्तर नाही. मोगऱ्यापाशी सगळ्यांची आहेत. म्हणून मोगरा. ज्ञान वाटल्याने वाढते, ते जवळच असते, त्याची सुरुवात लहानशी असते, हे तीन वेगळे विचार एका दृश्यात एकाच वेळी सांगायचे, आणि तेही वासासकट, यासाठी कवीला दुसरा मार्गच नव्हता. त्याने काही झाकले नाही. त्याला जे दिसले ते सांगायला याहून उघडी भाषा उपलब्ध नव्हती.

याच अभंगात कुणाला भक्ती दिसेल, कुणाला गुरुकृपा, कुणाला कवितेचा स्वतःचाच बहर. हे सगळे अर्थ उभे राहू शकतात, कारण यांतला प्रत्येक अर्थ वेचण्याचा, रोपाचा, वेलाचा आणि शेल्याचा हिशेब देऊ शकतो. ‘मोगरा म्हणजे श्रीमंती’ असे कुणी म्हटले तर मात्र ते टिकणार नाही. संपत्ती वेचून, गुंफून, शेवटी सगळीच्या सगळी देऊन टाकण्याची ही चाल तिच्यात बसत नाही. म्हणजे अर्थ एकच नसला तरी कोणताही चालतो असेही नाही. अर्थाला मजकुराचा लगाम असतो. तो लगाम कुठे आहे हे दाखवायला शिकवणे, हे आपले काम आहे.

सगळीकडे असेच असते असे मात्र नाही. एकनाथांचे ‘विंचू चावला’ हे भारूड बघा. तिथे काम-क्रोधाचा विंचू चावला असे स्वतः नाथच सांगून टाकतात, किल्ली रचनेतच दिलेली आहे. अशा रूपकाखाली ‘विंचू म्हणजे काय?’ हा प्रश्न विचारणे म्हणजे ओळ पुन्हा वाचायला लावणे आहे. त्यापेक्षा विंचूच का, वाघ का नाही, हे विचारले तर वर्ग जागा होईल. वाघ समोरून येतो आणि दिसतो. विंचू दिसत नाही, आकाराने क्षुल्लक असतो, चावल्यावर मात्र सारे अंग पेटते, घाम फुटतो. क्रोधाचे इतके नेमके वर्णन त्या एका प्राण्याच्या निवडीत आहे. भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर यांच्या व्याख्यानांवरून १९१६ साली निघालेल्या पुस्तकात हाच मुद्दा तराजूच्या निमित्ताने आला आहे. शब्द आणि त्याचा अर्थ यांचे नाते मानलेले असते, प्रतीकाचे मात्र पूर्णपणे तसे नसते. न्यायाचे प्रतीक म्हणून तराजूच्या जागी रथ ठेवून चालणार नाही. प्रतीक आणि त्याचा अर्थ यांच्यात थोडे तरी रक्ताचे नाते लागते.

एकच एक अर्थ असलेली चिन्हे जगात असतात आणि असायलाच हवीत, हेही मान्य करते. जैविक धोक्याचे चिन्ह १९६६ साली डाऊ केमिकल या कंपनीत चार्ल्स बाल्डविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केले. त्यांना असा आकार हवा होता जो लक्षात तर राहील, पण ज्याला पाहणाऱ्याच्या मनात आधीपासून काहीही अर्थ नसेल. म्हणजे मग त्यात हवा तो एकच अर्थ भरता येईल आणि लोकांना शिकवता येईल. प्रयोगशाळेच्या दारावर संदिग्धता नको, तिथे जीव जाऊ शकतो. आपली ‘अमुक म्हणजे तमुक’ ही पद्धत अशा चिन्हांसाठी उत्तम आहे. अडचण इतकीच की आपण कवितेलाही प्रयोगशाळेचे दार समजू लागलो आहोत.

आणि ज्यांना एकच अर्थ राहावा असे सर्वांना वाटते, ती चिन्हेही ऐकत नाहीत. १८६४च्या जिनिव्हा करारात पांढऱ्यावर लाल क्रॉस हे चिन्ह ठरले, ते स्वित्झर्लंडच्या ध्वजाचे रंग उलटे करून. अर्थ एकच : इथे जखमींची शुश्रूषा चालू आहे, गोळी झाडू नका. पण १८७६ साली ऑटोमन साम्राज्याने कळवले की आमच्या सैनिकांना क्रॉस खुपतो, आम्ही लाल चंद्रकोर वापरू. करार करणाऱ्यांच्या लेखी तो आकार धर्मनिरपेक्ष होता, पाहणाऱ्यांच्या स्मृतीत तो तसा नव्हता. पुढे २००५ साली आणखी एक चिन्ह, लाल स्फटिक, स्वीकारावे लागले. कारण एवढेच की कुणाच्याही इतिहासाला स्पर्श न करणारा आकार हवा होता. कायद्याने ठरवलेल्या चिन्हातही पाहणारा आपला अर्थ घेऊन येतो, तर कवितेत तो येणार नाही असे आपण कसे धरून चालतो?

आता चित्र आणि शिल्पाकडे येते, कारण प्रतीक म्हणजे काय हे मला स्वतःला सर्वांत स्पष्ट जिथे दिसते ती जागा सांची आहे.

सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या पूर्वेकडच्या तोरणावर, म्हणजे दगडी प्रवेशद्वारावर, मधल्या आडव्या पट्टीवर, सिद्धार्थाचे गृहत्यागाचे दृश्य कोरलेले आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. नगराच्या दारातून घोडा बाहेर पडतो. त्याच्या पाठीवर कुणी नाही. पण त्या रिकाम्या पाठीवर छत्र धरलेले आहे. तोच घोडा पुढे पुन्हा कोरला आहे, पुन्हा छत्र, पुन्हा पाठ रिकामी. असे होत होत पट्टीच्या उजव्या टोकाला दोन मोठी पावले येतात. आता छत्र त्या पावलांवर आहे. आणि तिथून जो घोडा परत फिरतो, त्याच्यावर छत्र नाही.

ही पट्टी वर्गात कशी शिकवायची? ‘छत्र कशाचे प्रतीक आहे?’ असे विचारले तर उत्तर येईल ‘राजेपणाचे’. तेही बरोबर. पण त्या शिल्पकाराने काय केले आहे बघा. जाताना घोड्यावर छत्र आहे म्हणून पाठीवर कुणीतरी आहे. परतताना छत्र नाही म्हणून पाठीवर कुणी नाही. दोन्ही वेळा पाठ सारखीच रिकामी दिसते, आणि तरी पहिली रिकामी पाठ भरलेली आहे, दुसरी खरोखर रिकामी. एका छत्राच्या असण्या-नसण्याने त्याने दगडात दोन वेगळ्या रिकाम्या जागा घडवल्या. ‘राजेपण’ हा अर्थ छत्राने बाहेरून आणला खरा, पण विरह हा अर्थ त्या पट्टीच्या आत तयार झाला. घोडा पुन्हा पुन्हा आल्याने आणि शेवटी एक गोष्ट बदलल्याने. हा अर्थ कुठल्याही प्रतीककोशात सापडणार नाही. तो फक्त त्या तोरणापाशी, डावीकडून उजवीकडे नजर नेली तर सापडतो. आणि राजछत्र राजवाड्यातून निघालेल्या माणसाच्या उघड्या पावलांवर जाऊन थांबते, यात राजेपणाचा अर्थच उलटापालटा होतो, ते वेगळेच.

या शिल्पांविषयी अभ्यासकांचेही एकमत नाही, आणि मुलांना हे सांगायला हवे. आल्फ्रेड फूशे यांच्यापासून बहुतेकांनी असे मानले की आरंभीच्या कलेत बुद्धाची मानवी आकृती टाळून चक्र, वृक्ष, पावले, रिकामे आसन यांनी त्याचे असणे सुचवले आहे. १९९० साली सुसान हंटिंग्टन यांनी आक्षेप घेतला : यांतल्या अनेक दृश्यांत झाड हे झाडच आहे, तीर्थस्थळी आलेले भक्त त्या खऱ्या वृक्षाची पूजा करताना दाखवले आहेत. १९९१ साली विद्या देहेजिया यांनी उत्तर दिले की ही चिन्हे अनेकार्थी आहेत. तेच झाड कधी बुद्ध सुचवते, कधी पवित्र स्थळ, कधी त्याच्या शिकवणीचा एखादा पैलू, आणि कधी एकाच वेळी एकाहून जास्त. आयुष्य या विषयात घालवलेली माणसे ‘झाड म्हणजे काय’ यावर वाद घालत असतील, तर पंधरा वर्षांच्या मुलाकडून एका शब्दात छापील उत्तराची अपेक्षा करण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळाला?

हे सगळे आधुनिक, परदेशी खूळ आहे असे कुणी म्हणेल. म्हणून आपल्या परंपरेतली गोष्ट सांगते. हालाच्या गाथासप्तशतीत, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतात, एक गाथा आहे : ‘भम धम्मिअ वीसत्थो’. एक स्त्री एका धार्मिक गृहस्थाला सांगते, बाबा, आता खुशाल हिंड, तुला त्रास देणारा तो कुत्रा आज मारला गेला, गोदावरीकाठच्या कुंजात राहणाऱ्या माजलेल्या सिंहाने त्याला मारले. वरवर पाहता ही परवानगी आहे. पण कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाच्या कुंजात पाऊल टाकेल का? तो कुंज तिचे प्रियकराला भेटण्याचे ठिकाण आहे आणि हा गृहस्थ फुलांसाठी तिथे घुटमळतो. ‘ये’ म्हणत तिने ‘येऊ नकोस’ सांगितले. नवव्या शतकात काव्यशास्त्रज्ञ आनंदवर्धनाने ध्वनीचा, म्हणजे शब्दांपलीकडे सुचवल्या जाणाऱ्या अर्थाचा, सिद्धांत मांडताना हीच गाथा उदाहरणाला घेतली. तिच्या शब्दांत नकार कुठेही नाही. शब्दकोश कितीही उलटला तरी मिळणार नाही. बोलणारी कोण, ऐकणारा कोण, जागा कोणती, हे कळल्याशिवाय अर्थच हाती लागत नाही.

पुढे अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त याची तपशीलवार मांडणी केली. बोलणारा, ऐकणारा, आवाजाचा चढउतार, प्रसंग, देश, काळ अशा गोष्टींमुळे व्यंग्यार्थ, म्हणजे सुचवलेला अर्थ, बदलतो असे तो सांगतो. आणि त्याने दिलेले एक उदाहरण तर प्रत्येक वर्गात फळ्यावर लिहावे असे आहे : ‘गतोऽस्तमर्कः’. सूर्य मावळला. सेनापतीने ऐकले तर अर्थ, शत्रूवर चाल करण्याची वेळ झाली. प्रेयसीला सखीने सांगितले तर अर्थ, निघ, भेटीची वेळ झाली. कामकऱ्यांना, काम आवरा. गुराख्याला, गाई घरी ने. पूजापाठ करणाऱ्याला, संध्येला बस. वाच्यार्थ, म्हणजे शब्दांचा सरळ अर्थ, एकच, सर्वांसाठी समान. व्यंग्यार्थ मात्र ऐकणाऱ्यागणिक वेगळे, आणि तरी त्यांतला एकही मनमानी नाही, कारण प्रत्येकाला प्रसंगाचा आधार आहे. हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे एवढी स्पष्ट समज होती. तिचे वारस असलेल्या आपल्या प्रश्नपत्रिकेत आज ‘मावळता सूर्य हे कशाचे प्रतीक आहे?’ असे येते आणि उत्तर असते ‘मृत्यूचे’. याचे मला मनापासून दुःख होते.

तुमच्या बाजूने येणारा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो पोकळ नाही. हजारो उत्तरपत्रिका, वेगवेगळे तपासनीस, प्रत्येकाची वेगळी समज, अशा स्थितीत एकच ठाम उत्तर असलेला प्रश्न न्याय्य ठरतो. मोकळीक दिली तर ‘मला असे वाटले’ एवढ्यावर मुले गुण मागतील. दुसरा धोका खराच आहे. प्रतीक शोधायची सवय लागली की माणसाला जिथे तिथे प्रतीके दिसू लागतात आणि समोरचे चित्र दिसेनासे होते.

यान व्हान आयक यांचे १४३४चे आर्नोल्फिनी दांपत्याचे चित्र याची साक्ष आहे. १९३४ साली एर्विन पानोफ्स्की या मोठ्या अभ्यासकाने लिहिले की हे चित्र म्हणजे विवाहाचा जणू दाखलाच आहे : कुत्रा म्हणजे निष्ठा, काढून ठेवलेली पादत्राणे म्हणजे पवित्र भूमी, झुंबरातली एकच मेणबत्ती म्हणजे ईश्वराची उपस्थिती. कित्येक पिढ्या हेच शिकल्या. पुढे जुन्या कागदपत्रांत आढळले की ज्या आर्नोल्फिनीचे हे चित्र समजले जात होते, त्याचा विवाह १४४७ साली झाला. चित्र त्याच्या तेरा वर्षे आधीचे, आणि चित्रकार तर १४४१ सालीच वारला होता. आता चित्रातला पुरुष त्याच घराण्यातला दुसरा कुणी असावा असे मानले जाते, आणि हे लग्नाचे दृश्य आहे यावर फारसे कुणी ठाम नाही. कुत्रा हा घरातला कुत्राही असू शकतो. मेणबत्तीची गोष्ट थोडी वेगळी आहे. खिडकीतून लख्ख उजेड येत असताना ती का जळते आहे, हा प्रश्न चित्र स्वतःच उभा करते, त्यामुळे तिथे थांबून विचार करायला आधार आहे. खुद्द पानोफ्स्कींनाही ही अडचण दिसत होती. वस्तू कुठे संपते आणि प्रतीक कुठे सुरू होते हे ठरवायला इतिहासाची साधने आणि शक्य झाल्यास थोडी व्यवहारबुद्धी, याखेरीज उपाय नाही, अशा आशयाचे त्यांनी पुढे लिहिले.

पण हाच माझा मुद्दा आहे. ‘कुत्रा म्हणजे निष्ठा’ हे पाठ केलेल्या मुलाला कागदपत्रे सापडल्यावर काय करायचे हे कळणार नाही. ‘मेणबत्ती दिवसा का जळते?’ असे विचारायला शिकलेल्याला कळेल.

मग लेखकालाच विचारावे का? एका मुलाने ते केले होते. १९६३ साली ब्रूस मॅकअॅलिस्टर या सोळा वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्याला वर्गातल्या प्रतीकशोधाचा कंटाळा आला आणि त्याने नावाजलेल्या १५० लेखकांना प्रश्नावली पाठवली : तुम्ही प्रतीके जाणूनबुजून योजता का? पाऊणशे जणांनी उत्तरे दिली. कुणी एका शब्दात नाही म्हणाले, कुणी म्हणाले आपोआप येतात, कुणी म्हणाले आधी कथेतली कृती खरी असावी लागते, प्रतीक तिच्यातून उगवते. पिकासोचे तर आणखीच अवघड. ‘गेर्निका’ या १९३७च्या चित्रातला बैल आणि घोडा यांविषयी त्याने १९४५ साली जेरोम सेक्लर यांना सांगितले की बैल म्हणजे क्रौर्य आणि अंधार, घोडा म्हणजे जनता. आणि इतर प्रसंगी, अर्थ सांगणे हे चित्रकाराचे काम नाही, अशीच त्याची भूमिका राहिली. निर्मात्याचे म्हणणे हा एक पुरावा आहे, तो जरूर ऐकावा, पण त्याने पाहणाऱ्याची सुटका होत नाही. त्या चित्रातला घोडा किंचाळतो आहे, त्याची जीभ टोकदार आहे, अंगात भाला घुसला आहे, चित्रात रंग नाहीत. हे सगळे पिकासोने सांगण्याआधीपासून तिथे आहे.

शाळेच्या बाहेरचे एकच सांगते, कारण त्यासाठीही मला हे महत्त्वाचे वाटते. स्वस्तिक आशियातल्या अनेक परंपरांत हजारो वर्षे मंगलचिन्ह राहिले आहे. तेच १९२० साली जर्मनीतल्या नाझी पक्षाने आपल्या झेंड्यावर घेतले आणि पुढच्या पंचवीस वर्षांत कोट्यवधी माणसांसाठी ते मरणाचे चिन्ह झाले. दोन माणसे त्या आकाराकडे बघतात, एकाला घराचा उंबरठा आठवतो, दुसऱ्याला जाळलेले नातेवाईक. दोघेही खरे बोलत असतात. चिन्हाला एकच खरा अर्थ असतो असे शिकलेला माणूस दुसऱ्याला खोटा ठरवतो. कुणी वापरले, कुणासमोर, कधी, हे विचारायची सवय असलेला माणूस निदान थांबतो. ही सवय लागण्याचे ठिकाण कवितेचा तास आहे. तिथे चूक झाली तर कुणाचे रक्त सांडत नाही.

तर माझी मागणी अशी. प्रतीकावर प्रश्न जरूर विचारा, पण असा विचारा की उत्तर देण्यासाठी पुन्हा मजकुराकडे, चित्राकडे जावेच लागेल. ‘कवितेच्या कोणत्या शब्दावरून तुम्हांला वाटले की हे झाड केवळ झाड नाही?’ असे विचारा. ‘या ठिकाणी नदीऐवजी रस्ता असता तर काय हरवले असते?’ असे विचारा. हा बदलून पाहण्याचा प्रश्न मला विशेष आवडतो. त्याचे उत्तर कुठल्याही मार्गदर्शकात तयार मिळत नाही, आणि आठवीतले मूलही त्यावर जोरात बोलू लागते हे मी मुलांसोबत कविता वाचताना पाहिले आहे. कधी कधी ‘इथे प्रतीक आहे असे मानण्याची गरज आहे का?’ असेही विचारा, आणि ‘नाही’ या उत्तराला कारणासह पूर्ण गुण द्या. समुद्र कधी कधी समुद्रच असतो, आणि तेवढा पुरतो.

तपासण्याची एकवाक्यताही यात राहू शकते. तपासनिसाला अर्थाची यादी देण्याऐवजी तीन गोष्टी पाहायला सांगा : विद्यार्थ्याने मजकुरातली नेमकी जागा दाखवली आहे का, त्या जागेपासून अर्थापर्यंतचा रस्ता सांगितला आहे का, आणि त्या अर्थाला आडवी येणारी एखादी ओळ त्याने सोडून तर दिलेली नाही. जागा दाखवली नाही तर उत्तर ‘बरोबर’ असले तरी गुण कमी. जागा आणि रस्ता दोन्ही दाखवले तर तुम्हांला न सुचलेला अर्थ असला तरी गुण पूर्ण. यासाठी एका गुणाचा प्रश्न चार गुणांचा करावा लागेल, आणि असे चार-पाच प्रश्न काढून टाकून एखादाच ठेवावा लागेल. शिक्षकांना नमुन्यासाठी एकाच कवितेवरची दोन परस्परविरोधी पण दोन्ही पूर्ण गुणांची उत्तरे छापून द्या. एक नमुना छापला की लोक तोच पाठ करायला लावतात. दोन छापले तर पाठ करण्याची वाट बंद होते.

पाठ्यपुस्तकांच्या शेवटी ‘प्रतीके व त्यांचे अर्थ’ अशी चौकट असेल तर ती पुढच्या आवृत्तीतून काढून टाका. ती जागा रिकामी वाटत असेल तर मम्मटाचे ते वाक्य आणि ते ऐकणाऱ्या चारपाच माणसांची नावे छापा, अर्थ छापू नका. मुलांना प्रत्येकाच्या जागी उभे राहून तो अर्थ स्वतः लिहू द्या. आणि यादीत शेवटी एक ओळ मोकळी ठेवा, म्हणजे मुलांना त्यांच्या ओळखीचा एखादा ऐकणारा तिथे घालता येईल.

आपली,
एक वाचक